इतवारीवरून जाणारी आगगाडी आणि मराठी ख्रिस्ती माणसाचा 'मी'

१/
धर्म बदलला की माणूस परका होतो, हे विधान अलीकडे इतिहासाने सिद्ध केलेले सत्य असल्याच्या थाटात फिरवले जाते. मराठी ख्रिस्ती माणसाच्या बाबतीत तर त्याला कोणी पुरावाही मागत नाही. या धाग्यात त्या विधानाची तपासणी आहे. साक्षीदार नागपूर, नगर, पुणे आणि गोवा येथले आहेत, आणि बहुतेकांची साक्ष मराठीतच नोंदलेली आहे.

२/
सुरुवात नागपूरच्या इतवारीपासून. आदित्यवार, आइतवार, इतवार असा हा शब्द घडत आला. बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी या नागपुरी वस्त्यांप्रमाणे इतवारीचे नावही वारावरून पडले. या इतवाराचा चर्चच्या घंटेशी काही संबंध नाही. तो बाजाराचा वार. आजही सराफा ओळ आणि घाऊक किराण्याची दुकाने हीच इतवारीची ओळख आहे.

३/
याच वाराची दुसरी गोष्ट. रविवारच्या सुट्टीला सरसकट 'इंग्रजांची सुट्टी' म्हटले जाते. पण मुंबईच्या गिरणी कामगारांना ती १० जून १८९० रोजी मिळाली, ती सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे. आणि रविवार हा खंडोबाचा वार, हाही त्या मागणीचा एक आधार होता. एकाच वाराला बाजार, खंडोबा आणि ख्रिस्ती उपासना अशा तीन वंशावळी आहेत. त्यांपैकी एकच मोजणारा हिशेब चुकतो. माणसांचेही तसेच आहे.

४/
आज इतवारीवरून कामठी, गोंदिया, डोंगरगड करीत राजनांदगावला जो लोहमार्ग जातो, त्याचा पाया १८८० च्या दशकात घातला गेला. नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत १८९३ च्या सुमारास एक तिशी ओलांडलेला चित्पावन ब्राह्मण बसला होता. नोकरीच्या शोधात निघालेला, संस्कृत जाणणारा, कवी, वृत्तीने अस्थिर. नाव नारायण वामन टिळक.

५/
टिळक त्याआधी नागपुरात अप्पासाहेब बुटी या धनिकाच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम करीत होते. त्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाशी संभाषण झाले. त्याने त्यांना नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांनी पुस्तक वाचायला घेतले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी ते खिळून राहिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, तोही एका भारतीय पाळकाच्या हातून.

६/
या प्रसंगाचे दोन अर्थ नेहमी सांगितले जातात. पहिला: गोऱ्या माणसाने भोळ्या हिंदूला गाठले. दुसरा: अंधारातल्या माणसाला प्रकाश दिसला. पहिला अर्थ धर्मांतराच्या विरोधकांचा, दुसरा मिशनच्या अहवालांचा. दोन्ही बाजू एकमेकींच्या वैरी. तरी एका बाबतीत त्यांचे पूर्ण एकमत आहे. दोघींच्याही कथेत टिळक स्वतः काहीच करीत नाहीत. जे होते ते त्यांच्यावर होते.

७/
वस्तुस्थिती उलट आहे. टिळकांनी ख्रिस्ताला गाठले ते तुकारामाच्या वाटेने, आणि ही वाट त्यांनी लपवली नाही. तिचा अभिमान बाळगला. त्यांची ख्रिस्ती भक्ती अभंगात आली, कीर्तनात आली. मराठी चर्चमध्ये आज गायल्या जाणाऱ्या 'उपासना संगीता'चा मोठा भाग त्यांच्या रचनांचा आहे. इंग्रजी चालींवर ओढूनताणून बसवलेल्या मराठी शब्दांच्या जागी त्यांनी मराठीच्या चालीत मावणारे शब्द आणले.

८/
यावर आक्षेप येतो: मग ख्रिस्ती श्रद्धेने नवे दिले तरी काय? आत्मपरीक्षण तर संतांकडे होतेच. आक्षेप बरोबर आहे. तुकारामाइतकी स्वतःची निर्दय झडती क्वचितच कोणी घेतली असेल. बहिणाबाई सिऊरकरांनी सतराव्या शतकात अभंगांतून आपले चरित्र सांगितले. 'मी' हा शब्द मराठीला मिशनऱ्यांनी शिकवला, असा दावा कोणी करीत असेल तर तो खोटा आहे.

९/
फरक वेगळ्या ठिकाणी आहे. संतांचा 'मी' देवापुढे उभा राहतो आणि शेवटी विरघळू पाहतो. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी ख्रिस्ती माणसाचा 'मी' समाजापुढेही उभा राहतो आणि हिशेब देतो: मी कोण होतो, काय मानत होतो, कशामुळे बदललो, कोणाला सोडले, त्याची किंमत काय पडली. बाप्तिस्म्याने त्याच्यावर ही सक्तीच केली. कुटुंब, जात आणि नवी मंडळी, तिघेही त्याला एकच प्रश्न विचारत होते: तू हे का केलेस?

१०/
त्या प्रश्नाला मराठी गद्याने उत्तर दिले. बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ चा, बाप्तिस्मा १८५४ चा. १८५७ साली त्यांचे 'यमुनापर्यटन' आले. विधवांच्या दुःखावरचे हे पुस्तक मराठीतील पहिली कादंबरी मानले जाते. पुढे त्यांनी 'अरुणोदय' हे आत्मचरित्र लिहिले. आधुनिक मराठी आत्मचरित्राच्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांत त्याची गणना होते. ज्या गद्याला आपण मराठीचे वैभव म्हणतो, त्याची सुरुवात 'परक्या' ठरवलेल्या माणसांनी केली.

११/
मात्र 'अरुणोदय' या नावातच एक अडचण आहे. आधीचे सगळे रात्र, नंतरचे सगळे पहाट. मिशनच्या शिकवणुकीने स्वतःकडे पाहण्याचा हा एक साचा दिला होता: आपले घर, आपले सण, आपले आईवडील यांना अंधार म्हणायचे, तेव्हा कुठे स्वतःला उजेडात पाहायचे. या साच्यात आत्मतिरस्कार होता. तो नाकारण्यात अर्थ नाही. ख्रिस्ती श्रद्धेचा इतिहास लिहिताना हे पान वगळणे ही सुद्धा लबाडीच ठरेल.

१२/
पण त्या साच्यात सगळे बसले नाहीत. पंडिता रमाबाईंचे उदाहरण घ्यावे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि लगेचच तिथल्या धर्मभगिनींशी त्यांचा वाद सुरू झाला. त्रैक्याच्या सिद्धान्ताबद्दल त्यांनी शंका घेतल्या. शाकाहार सोडला नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, असे विचारले. इंग्लंडमध्ये त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, यावर बिशप मंडळी हरकत घेऊ लागली, तेव्हा त्यांना ठणकावून उत्तर दिले.

१३/
रमाबाईंची भूमिका थोडक्यात अशी: सदसद्विवेक देवाने दिला आहे; तो एका पुरोहितवर्गाच्या हातून काढून घेतला, तो दुसऱ्या पुरोहितवर्गाच्या हाती देण्यासाठी नव्हे. हा विचार त्यांना ख्रिस्ती श्रद्धेतून मिळाला आणि त्यांनी तो सर्वांत आधी चर्चवरच चालवून पाहिला. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून बायबलचे मराठी भाषांतर केले. खेड्यातल्या साध्या बाईला कळावे, ही त्यामागची अट होती. ते १९२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले.

१४/
दुसरे उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे. पती ख्रिस्ती झाल्यावर त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या. परतल्या तेव्हाही त्यांची चूल वेगळी, भांडी वेगळी, पाणी वेगळे. पतीच्या घरात राहून सोवळे पाळणारी ही बाई एक दिवस विचारात पडली: जाती देवाने केल्या की माणसाने? उत्तर सापडले आणि वेगळी चूल विझली. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. शिवाशिव आधी सुटली, बाप्तिस्मा नंतर झाला, हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

१५/
या बाईंना धड शाळा मिळाली नव्हती. १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' पुस्तकरूपाने येऊ लागली आणि मराठी आत्मचरित्राचा मापदंड ठरली. त्या पुस्तकात आधीचे आयुष्य अंधार म्हणून नाकारलेले नाही. सोवळ्यात बुडालेले वडील, तऱ्हेवाईक पती, मिशनची माणसे आणि स्वतः लेखिका, सगळ्यांकडे एकाच मिश्किल, क्षमाशील नजरेने पाहिले आहे. ख्रिस्ती श्रद्धेने दिलेली 'स्वतःकडे पाहण्याची' रीत मराठीत सर्वांत मोकळी झाली ती इथे.

१६/
टिळकही अखेर मिशनच्या चौकटीत मावले नाहीत. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि 'देवाचा दरबार' उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या मागे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. त्यातले बहुतांश अध्याय त्यांच्या लेखणीतले आहेत.

१७/
आणि हे सारे एकोणिसाव्या शतकात अचानक उगवले असेही नाही. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्या, भाषा मराठी, आणि स्वर्गासाठी शब्द वैकुंठ. 'ख्रिस्ती' आणि 'मराठी' हे शब्द एकमेकांच्या विरुद्ध उभे करणाऱ्याने निदान चारशे वर्षांचा हिशेब चुकता करावा, मग बोलावे.

१८/
आतापर्यंतचा युक्तिवाद अनेक ख्रिस्ती वाचकांना आवडेल. म्हणून आता त्यांच्या बाजूची अडचण. पदमनजी शहरी, शिक्षित घरातले. रमाबाई, टिळक, लक्ष्मीबाई, तिघेही ब्राह्मण. मराठी ख्रिस्ती समाजातील बहुसंख्य माणसे मात्र नगर, जालना या भागांतल्या महार-मांग वस्त्यांतून आली. त्यांचा 'मी' कुठे आहे? चर्चच्या नोंदवहीत नाव आहे, तारीख आहे. आत्मचरित्र नाही.

१९/
एक आवाज उरला, तोही बाप्तिस्मा न घेतलेल्या मुलीचा. फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मांग मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापला गेला. हे नियतकालिक अमेरिकन मिशनने १८४२ साली नगरला सुरू केले होते. ज्यांना वेद वाचायची मनाई आहे त्यांचा धर्म कोणता, हा त्या मुलीचा प्रश्न. तो छापायला जागा मिशनने दिली. प्रश्न मात्र तिचा होता, आणि त्याचे उत्तर फक्त पुण्याच्या शास्त्र्यांनीच द्यायचे होते असे नाही. ते मिशनलाही द्यायचे होते.

२०/
मिशनचे उत्तर अपुरे ठरले. गोव्यात बामण, चारडो, सुदीर या भेदांनी बाप्तिस्मा घेतला आणि ते चर्चमध्ये जाऊन बसले. महाराष्ट्रातही सोयरीक जुळवताना जुनी जात आठवत राहिली. एकट्या माणसाच्या तारणावर भर देणाऱ्या श्रद्धेने 'मी' घडवला, पण 'आम्ही'चे ओझे त्या 'मी'च्या अंगावर तसेच राहिले. आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावर लिहिताना नेमके इथे बोट ठेवले: धर्मांतर झाले, पण जात सुटली नाही आणि तिच्याविरुद्ध लढाही उभा राहिला नाही.

२१/
म्हणून नागपूरची दोन धर्मांतरे शेजारी ठेवून पाहावीत. एक रेल्वेच्या डब्यात सुरू झाले: एक माणूस, एक पुस्तक, दोन वर्षांची घालमेल. दुसरे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, आज जिला दीक्षाभूमी म्हणतात त्या जागी: लाखो माणसे, एक प्रतिज्ञा. पहिल्याने 'मी बदललो' म्हटले, दुसऱ्याने 'आम्ही बदललो'. पहिल्यातून मराठीला आत्मचरित्र मिळाले, दुसऱ्यातून एका समाजाला ताठ कणा मिळाला. दोन्हींची गरज होती. एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

२२/
त्याच १९५६ साली, त्याच नागपुरात, आणखी एक दस्तऐवज निघाला. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होती. १९५४ साली नेमलेल्या नियोगी समितीने मिशनऱ्यांच्या कार्यावर आपला अहवाल दिला. अध्यक्ष होते नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी. शाळा, दवाखाने, अनाथालये यांच्या आधाराने धर्मांतरे होतात आणि त्याने देशनिष्ठा सैल होते, असा त्या अहवालाचा रोख होता.

२३/
अहवालातील सगळ्या तक्रारी बनावट होत्या, असे म्हणणे अप्रामाणिक ठरेल. मिशनच्या हाती पैसा होता, शाळा होत्या, आणि गरजू माणसावर त्यांचे दडपण येत होते. पण अहवालाची मूळ दृष्टी सदोष होती. त्यात धर्मांतरित माणूस नेहमी कोणीतरी उचलून नेलेला आहे. तो भुलतो, फसतो, वळवला जातो. तो वाचतो, शंका घेतो, ठरवतो, हे त्या चित्रात जवळजवळ कुठेच नाही. इतवारीवरून जाणाऱ्या मार्गावरच्या टिळकांना त्यात जागा नाही.

२४/
आणि मग इतिहासाने जे केले ते कोणत्याही कथाकाराला सुचले नसते. त्याच वर्षी ऑक्टोबरात नागपुरात आंबेडकरांसोबत बौद्ध धम्म स्वीकारणाऱ्या नामवंतांत भवानीशंकर नियोगी स्वतः होते. त्यांना कोणी भुलवले असे कोणी म्हटले नाही. निवृत्त मुख्य न्यायाधीशाने धर्म बदलला तर तो विवेक, आणि गोंड शेतमजुराने किंवा महार बाईने बदलला तर ते आमिष? या प्रश्नाचे उत्तर 'परके झाले' म्हणणाऱ्यांनी आजतागायत दिलेले नाही.

२५/
कायद्यातही हीच दृष्टी उतरली. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. चर्चा कोणाच्या हक्काची झाली? धर्म देणाऱ्याच्या. धर्म सोडणारी आणि निवडणारी व्यक्ती पुन्हा बाजूलाच राहिली.

२६/
दुसऱ्या बाजूला १९५० चा अनुसूचित जाती आदेश. त्यानुसार अनुसूचित जात हिंदूंपुरती. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान बाहेर राहिले. २००७ साली रंगनाथ मिश्रा आयोगाने ही धार्मिक अट काढावी असे सुचवले. २०२२ साली बालकृष्णन आयोग नेमला गेला. म्हणजे सरकारी कागदावर बाप्तिस्म्याने जात संपते; गावाच्या नजरेत ती संपत नाही. नागपूरच्या बौद्ध घरांना ही विसंगती समजावून सांगावी लागत नाही. केंद्राच्या यादीसाठी त्यांनी १९९० पर्यंत वाट पाहिली आहे.

२७/
आता आरंभीच्या विधानाकडे. ख्रिस्ती श्रद्धेने मराठी माणसाला परके केले काय? पुरावा सांगतो तो असा: तिने त्याला स्वतःच्या निर्णयाचा जाब द्यायला लावले, तो जाब त्याने मराठीत दिला, आणि त्याच सवयीने चर्चलाही जाब विचारला. जिथे ती श्रद्धा अपुरी पडली, तिथे ती मराठी नव्हती म्हणून अपुरी पडली नाही. तिने जातीशी पुरेसे भांडण केले नाही, म्हणून पडली.

२८/
तेव्हा पुढच्या वेळी 'ते आपले नाहीत' असे कोणी लिहिले, तर त्याला दोन गोष्टी विचाराव्यात. 'स्मृतिचित्रे' वाचले आहे काय? आणि नगर जिल्ह्यातल्या एखाद्या जुन्या चर्चची नोंदवही उघडून पाहिली आहे काय? पहिल्या पुस्तकातला 'मी' सर्वांना ठाऊक आहे. दुसऱ्या वहीत शेकडो नावे आहेत, ज्यांची गोष्ट अजून कोणी विचारलेली नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी काम तिथे पडलेले आहे, आणि त्या वह्यांचे कागद दरवर्षी थोडे अधिक ठिसूळ होत आहेत.

(धागा समाप्त)